आधी हाक, मग हत्यार

नंदुरबार म्हटले की बाहेरगावच्या माणसाला दोन गोष्टी चटकन आठवतात. एक म्हणजे इथली तिखट मिरची आणि दुसरी, ९ सप्टेंबर १९४२ रोजी पोलिसांच्या गोळीपुढे छाती करून उभा राहिलेला पंधरा वर्षांचा शिरीषकुमार. दोन्ही गोष्टींचा आम्हां नंदुरबारकरांना अभिमान आहे आणि दोन्हींवर पुष्कळ लिहून झाले आहे. यंदाच्या दिवाळीत मात्र मी वाचकांपुढे या मुलखातली एक तिसरीच गोष्ट ठेवणार आहे. ती शूरांची नव्हे, घाबरलेल्या माणसांची गोष्ट आहे. आणि घाबरलेली माणसे जगात शूरांपेक्षा कितीतरी अधिक असल्यामुळे ती आपणां सर्वांच्या कामाची आहे.

गोष्ट अशी. रात्री घरात चोर शिरल्याचा सुगावा लागतो. घरधनी उठतो, हाताला लागेल ते हत्यार घेतो. कुणी शेजारी पोलिसांना वर्दी देतो. थोड्या वेळाने अंगणात पावले वाजतात. आता हा आला तो चोराचा साथीदार, की चोराला धरायला आलेला शिपाई? आतल्याला कळत नाही. त्याच घटकेला बाहेरच्या शिपायालाही हाच प्रश्न पडलेला असतो. अंधारात कोयता किंवा बंदूक घेऊन उभा आहे तो घराचा मालक, की दरोडेखोर? दोघेही कायद्याच्याच बाजूचे, दोघांच्याही हातात हत्यार, आणि मध्ये एक दार. या दाराशी आजवर पुष्कळ माणसे फुकट मेली आहेत. ती का मेली आणि कशाने वाचली असती, एवढाच या लेखाचा विषय.

मी इतिहाससंशोधक नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला शाळामास्तर आहे आणि सुटीत कादंबऱ्या लिहितो. मुलांना इतिहास शिकवताना, पारावर म्हाताऱ्यांशी बोलताना आणि जुनी गॅझेटिअरे चाळताना जे जमले ते इथे मांडतो. पंडितांनी ते गोड मानून घ्यावे.

आमच्या खानदेशातली जुनी घरे धाब्याची. मातीच्या जाड भिंती, समोर एकच दार आणि दाराला आतून आडवा अडसर. देशमुखाचा वाडा असेल तर त्याला गढीची तटबंदी, आणि गढीच्या मोठ्या दरवाज्यात माणूस वाकून आत जाईल एवढी दिंडी. एवढा बंदोबस्त कशासाठी, हे त्या काळची हकीकत वाचली की उमजते. १८०२ सालापासून होळकरांच्या फौजांनी खानदेश तुडवला. पाठोपाठ १८०३-०४ चा भयंकर दुष्काळ पडला. गावेच्या गावे ओस झाली. ज्या भिल्लांकडे पिढ्यान्‌पिढ्या गावांची आणि घाटांची राखण होती, त्यांचे हक्क बुडाले आणि ते डोंगरात शिरून लुटालूट करू लागले. पगार थकलेले अरब शिपाई त्यात होते, पेंढारी होते. ज्याने राखायचे तोच लुटायला निघाला, म्हणजे दाराचा अडसर जाड होणारच.

परंतु काळ बरा असे तेव्हा गावाचे खरे रक्षण अडसराने होत नसे. ते जागल्या करी. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात या राखणदारांचे वर्णन आहे. रात्री पहारा करावा, गावात कोण आले आणि गावातून कोण गेले ते ध्यानात ठेवावे, परका दिसला तर पाटलाला सांगावे, गावातल्या प्रत्येक माणसाचे वर्तन ओळखून असावे, आणि चोरी झालीच तर चोराचा माग काढावा. माग शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत गेला की पुढची जबाबदारी त्या गावाची. खानदेशात हे काम बहुतकरून भिल्लांकडे असे.

हा जागल्या काही मोठा शस्त्रधारी नव्हता. काठी, फार तर तीरकामठा. त्याचे खरे हत्यार म्हणजे त्याची ओळख. त्याला गावातली माणसे चालीवरून कळत, आणि गावाला तो आवाजावरून कळे. रात्री चोर आल्याची ओरड झाली आणि दाराबाहेरून त्याची हाक आली, की आतल्याने अडसर काढावा. ‘कोन शे?’ असे आतून अहिराणीत विचारले तर बाहेरून जे उत्तर येई, त्याचा आवाज लहानपणापासून कानावरचा असे. मदतीला येणारा माणूस परका नव्हता, म्हणून दाराशी घोटाळा होत नव्हता. हातातले हत्यार किती मोठे यापेक्षा येणाऱ्याची ओळख किती पक्की, यावर घराची सुरक्षितता अवलंबून होती. पुढे जे जे अनर्थ झाले ते ही ओळख तुटल्यावर झाले.

त्यांतला पहिला मोठा अनर्थ आमच्या शेजारीच घडला. प्रकाशाहून तापीच्या काठाने उगवतीकडे गेले की शिरपूर तालुक्यात थाळनेर लागते. एके काळी फारुकी सुलतानांची राजधानी असलेले हे गाव. त्यांच्या कबरी अजून तिथे आहेत. नदीच्या कड्यावर किल्ला होता. तो होळकरांचा आणि किल्लेदार होता तुळशीराम मामा. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरला होळकरांचा पराभव झाला. ६ जानेवारी १८१८ रोजी मंदसोरला तह झाला आणि त्या तहाने होळकरांचा खानदेशातला मुलूख कंपनी सरकारला गेला. तहावर होळकरांच्या बाजूने जो राजा होता, तो मल्हारराव, अकरा-बारा वर्षांचे पोर. किल्ला थाळनेरात, कागद मंदसोरला. म्हणजे किल्लेदार ज्या घराची राखण करीत होता ते घर त्याच्या धन्याचे उरलेच नव्हते.

२७ फेब्रुवारी १८१८ रोजी सर टॉमस हिस्लॉप फौजेसह थाळनेरास आला. किल्ला तहाप्रमाणे आमचा आहे, विरोध केलात तर बंडखोर समजू, असा निरोप त्याने आत धाडला. आतून उत्तर आले नाही, उलट गोळ्या आल्या. मग इंग्रजांच्या तोफा लागल्या. संध्याकाळच्या सुमारास किल्लेदार दिंडीतून बाहेर आला आणि स्वाधीन झाला. आता संपले, असे बाहेरच्यांना वाटले. काही अंमलदार मोजके शिपाई घेऊन आतल्या दरवाज्याकडे गेले. तिथली दिंडीही उघडली गेली आणि ते आत शिरले.

आत अरब शिबंदी होती. अरबांची भाषा या अंमलदारांना येत नव्हती, अंमलदारांची अरबांना येत नव्हती. कौल मिळाला आहे की नाही, शस्त्रे द्यायची की ठेवायची, शस्त्रे दिल्यावर जीव राहील की जाईल, यातले काहीच कुणाला नीट कळले नव्हते. त्या अरुंद जागेत काय शब्द गेले, कुणी कुणाच्या हत्याराला हात घातला, देव जाणे. क्षणात तरवारी निघाल्या. मेजर गॉर्डन आणि कॅप्टन मॅक्ग्रेगर ठार झाले, कर्नल मरे जखमी झाला. बाहेरच्या फौजेने दरवाज्यातून मुसंडी मारली आणि आतल्या सुमारे तीनशे माणसांची कत्तल केली. स्वाधीन झालेल्या तुळशीराम मामाला त्याच दिवशी फाशी देण्यात आले.

हा दगा होता की गैरसमज होता, यावर तेव्हापासून वाद आहे. इंग्रजांतही एकमत नव्हते. १८१९ साली पार्लमेंटमध्ये हिस्लॉपच्या फौजेचे आभार मानण्याचा ठराव आला, तेव्हा थाळनेरच्या किल्लेदाराच्या फाशीला या आभारांनी संमती मिळाली असे समजू नये, असे वेगळे नमूद करावे लागले. विजयी सेनापतीच्या गळ्यात हार घालताना पार्लमेंटचा हात अडखळला तो या एका दिंडीपाशी.

मला विचाराल तर, त्या दिंडीत दग्याला लागणारा वेळसुद्धा नव्हता. दोन्ही बाजूंना भय होते, दोन्ही बाजूंच्या हातांत हत्यार होते आणि मधे एकमेकांना कळेल असा एक शब्द नव्हता. दरोडा पडलेल्या घराच्या दाराशी शिपाई येतो तेव्हा हेच तीन घटक तिथे जमतात. फक्त माणसे तीनशेच्या जागी दोन असतात.

राज्य करायचे तर मुलूख ओळखणारा माणूस पाहिजे, हे इंग्रजांना उशिरा कळले. १८२५ साली एल्फिन्स्टनच्या कारकिर्दीत जेम्स औट्रम हा बावीस वर्षांचा लेफ्टनंट खानदेशात आला. त्याने आधी डोंगरात छापे घातले खरे. पण पुढे भिल्लांत मिसळून, त्यांच्याबरोबर शिकार करून, त्यांतूनच धरणगावास भिल्ल पलटण उभारली. मोडलेली जागल्याची ओळख सरकारी गणवेशात पुन्हा आणण्याचाच तो प्रयत्न होता. तो कितपत साधला, आणि त्यात भिल्लांचे हित किती आणि सरकारचे किती, हा निराळा विषय. मात्र एक गोष्ट कायमची बदलली. संकटात धावून येणारा आता गावाचा नोकर उरला नाही, तो सरकारचा झाला. तो आज इथे, उद्या दुसऱ्या तालुक्यात. त्याचा आवाज घरातल्यांना ओळखीचा असेलच असे नाही.

आवाजाची जागा मग कायद्याला घ्यावी लागली. मेकॉलेच्या समितीने १८३७ साली फौजदारी कायद्याचा मसुदा केला. स्वसंरक्षणाच्या हक्काविषयी लिहिताना समितीने मोठी गंमतीची भूमिका घेतली. या देशातले लोक दरोडेखोरांपुढे फारच सोशिक आहेत, तेव्हा या हक्काला बंधने वाढवण्यापेक्षा लोकांची हिंमत वाढवावी, असा तिचा रोख होता. १८६० साली तो कायदा मंजूर झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून चालू झाला. पुढे अठरा वर्षे झाली न झाली, तोच लॉर्ड लिटनच्या सरकारने १८७८ चा शस्त्रांचा कायदा केला. त्यात बंदूक, तलवार, भाला तर आलेच. धनुष्यबाणसुद्धा ‘शस्त्र’ या शब्दाच्या व्याख्येत बसवला. एका कायद्याने सांगितले, बाबांनो, शूर व्हा. दुसऱ्याने सांगितले, हत्यार आणून ठेवा! त्यातून गोऱ्यांना सूट होती, हे सांगायला नकोच. स्वातंत्र्यानंतर १९५९ च्या कायद्याने हा भेद घालवला. संरक्षणासाठी साधी बंदूक आणि पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक यांच्या परवान्याची वाट त्यात नागरिकाला ठेवली आहे.

मेकॉलेच्या कायद्यातला हक्क आजही शिल्लक आहे. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, त्यात कलम ३४ ते ४४ ही स्वसंरक्षणाची आहेत. जिवावर बेतले असेल, किंवा सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात कुणी घर फोडीत असेल, तर प्रतिकार कुठवर जाऊ शकतो ते त्यांत सांगितले आहे. त्याला लगामही आहे. गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि सरकारी मदत मागायला सवड असेल तर हा हक्क मिळत नाही.

यांतले ३७ वे कलम, जुने ९९ वे, प्रत्येक घरात वाचले जावे असे मला वाटते. त्याचा मथितार्थ असा: सरकारी नोकर सद्‌भावाने आपले काम करीत असेल आणि त्याच्या कृत्यापासून मरणाचे किंवा जबर दुखापतीचे वाजवी भय नसेल, तर त्याच्याविरुद्ध स्वसंरक्षणाचा हक्क चालत नाही, त्याचे कृत्य कायद्याच्या काट्यावर तंतोतंत उतरत नसले तरी चालत नाही. पण त्याला जोडून एक स्पष्टीकरण आहे. समोरचा सरकारी नोकर आहे हे माणसाला ठाऊक नसेल आणि तसे समजायला कारणही नसेल, तर त्याचा हक्क जात नाही. दीडशे वर्षांहून जुन्या त्या स्पष्टीकरणात आपली ती अंधारी रात्र, ते दार आणि ती पावले सगळी मावली आहेत. कायदा आतल्या माणसाला विचारतो, ‘तुला ठाऊक होते का?’

आणि बाहेरच्याला काय विचारतो? ज्याला अटक करायची तो एखाद्या घरात शिरला असेल, तर पोलिसाने आपला अधिकार आणि आपले काम सांगावे, आत येऊ द्या असे म्हणावे. तरीही दार उघडले नाही तरच ते फोडावे. हे जुन्या फौजदारी प्रक्रियेत होते आणि आजच्या नागरिक सुरक्षा संहितेच्या ४४ व्या कलमातही आहे. या नियमाचे मूळ फार जुने आहे. इंग्लंडात १६०४ साली सेमेन नावाच्या माणसाच्या खटल्यात न्यायालयाने ठरवले, की माणसाचे घर हाच त्याचा किल्ला. राजाच्या अंमलदारालाही तिथे शिरण्यापूर्वी कारण सांगून दार उघडण्याची विनंती केली पाहिजे. म्हणजे दाराच्या दोन्ही बाजूंना कायदा एकच गोष्ट सांगतो. आधी हाक, मग हत्यार.

पण हाक घातली म्हणजे ती ऐकू गेलीच असे नाही. अमेरिकेत घरोघरी बंदुका आहेत, तिथली एक हकीकत सांगतो. जुलै २०१८ मध्ये कोलोरॅडो राज्यातल्या ऑरोरा शहरी एका वृद्ध माजी सैनिकाच्या घरात रात्री एक इसम शिरला आणि त्याच्या नातवावर तुटून पडला. आजोबांनी पिस्तूल चालवून त्याला ठार केले आणि नातवाला वाचवले. तोवर पोलीस आले. आजोबांच्या एका हातात पिस्तूल, दुसऱ्यात विजेरी. पोलिसांनी ‘हत्यार टाक’ म्हणून पुन्हा पुन्हा ओरडून सांगितले. पण लढाईवरच्या नोकरीत म्हाताऱ्याचे कान गेले होते. पोलिसाने गोळी घातली आणि ज्या घराचे त्याने रक्षण केले त्याच घरात तो मेला. पुढे त्या पोलिसावर खटला झाला नाही. थाळनेरला भाषा आड आली, इथे कान आड आले. दोन्हीकडे शब्द पोचला नाही.

आपल्याकडे घरोघरी बंदूक नाही हे बरेच आहे. पण म्हणून आपण सुटलो असे नाही. आमच्या नवापूरला लागून असलेल्या साक्री तालुक्यात राईनपाडा हे गाव आहे. १ जुलै २०१८ रोजी तिथे मंगळवेढ्याकडून आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुले पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारले. पुढे पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे, १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीत चोरांच्या आणि मुले पळवणाऱ्यांच्या अफवांमुळे पहारा करणाऱ्या गावकऱ्यांनी एक मोटार अडवली. तिच्यातले दोन साधू आणि चालक असे तिघे मारले गेले. पोलीस तिथे पोचले होते. जमावाने त्यांच्यावरही हल्ला केला आणि त्यांना त्या तिघांना वाचवता आले नाही.

ही गावे राक्षसांची नव्हेत. आपल्यासारखीच बायकामुलांसाठी रात्र जागणारी माणसे तिथे राहतात. त्यांनी जागल्याची काठी उचलली, पण जागल्याची विद्या त्यांच्याजवळ नव्हती. जागल्या परक्याला पाहिले की पाटलाला कळवी. त्याचे काम ओळख पटवण्याचे होते. या पहाऱ्यांनी ओळख पटवण्याऐवजी कुणाच्या तरी मोबाइलवर आलेल्या निरोपावर विश्वास ठेवला. आणि भय एकदा जमावाचे झाले की गणवेशसुद्धा दिसेनासा होतो.

मग घरात चोर शिरला तर काय, हात जोडून बसायचे? मुळीच नाही. स्वसंरक्षणाचा हक्क आहे आणि तो असलाच पाहिजे. आमच्या अक्राणी-अक्कलकुव्याच्या डोंगरात घरे एकेकटी, टेकडीटेकडीवर विखुरलेली. तिथे पोलीस ठाणे घाटापलीकडे. गाडी येईपर्यंत माणसाला आपला जीव आपणच राखावा लागतो. पण त्याच डोंगरात मी एक चाल पाहिली आहे. कुणाच्या घरी जाणारा माणूस अंगणात मुकाट्याने शिरत नाही. लांबूनच, उतारावरून, आपण कोण ते ओरडून सांगतो आणि आतून उत्तर आल्यावरच पुढे होतो. शाळेत न शिकलेल्या या माणसांना सेमेनचा खटला कुणी सांगितला होता?

शाळेच्या वर्गात मी हे मुलांना चार ओळींत सांगतो, ते इथेही सांगतो. घरात संकट आले तर आता महाराष्ट्रात ११२ हा क्रमांक आहे. वर्दी देताना फक्त ‘चोर आला’ म्हणू नये. घरात आम्ही किती जण आहोत, कोणत्या खोलीत आहोत, घरधन्याच्या हातात हत्यार असेल तर तेही, सारे सांगावे. कुणाला कमी ऐकू येत असेल तर ते आवर्जून सांगावे. मुलाबाळांसह एका खोलीत दार लावून राहावे, चोराच्या मागे अंधारात धावू नये. पोलीस आले असे कळले की दिवा लावावा, हत्यार खाली ठेवावे, रिकामे हात दिसतील असे उभे राहावे आणि शिपाई सांगेल ते आधी करावे. हुज्जत घालायला सकाळ आहे. आणि गावाने पहारा बसवायचाच असेल तर तो पोलीस पाटलाला आणि ठाण्याला कळवून, नावनिशीवार बसवावा. परका सापडला तर त्याला बसवून ठेवावे, पाणी द्यावे आणि ठाण्याला कळवावे. त्याचा निवाडा करण्याचा अधिकार जागल्याला कधीच नव्हता.

पोलीस बंधूंनाही एक विनंती. आतला माणूस घाबरलेला आहे, आणि तुमच्या खाकी कपड्याचा रंग अंधारात दिसत नाही. तेव्हा नाव सांगा, ठाणे सांगा, दोनदा सांगा, आणि त्याला कळेल त्या भाषेत सांगा. अहिराणी, भिली, पावरी यांतली चार वाक्ये आमच्या जिल्ह्यातल्या प्रत्येक शिपायाला आली, तर एखाद्या रात्री ती त्याच्या पिस्तुलापेक्षा जास्त कामास येतील.

दिवाळीत आपण प्रत्येक उंबऱ्याशी पणती ठेवतो. लक्ष्मीला वाट दिसावी म्हणून, असे थोरले सांगतात, आणि ते खरेच असेल. पण त्या उजेडात येणाऱ्याला दारातल्याचा चेहरा दिसतो आणि दारातल्याला येणाऱ्याचा, हाही लाभ थोडका नव्हे. सर्व वाचकांना ही दिवाळी सुखाची आणि निर्भय जावो.